मेन रोडवरचा कठडा

नगरपालिकेच्या इंजिनियरांना गावात नावाने कुणी ओळखत नसे. टेपसाहेब म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवायचं. खिशात रुमाल नसला तरी चालेल, पण मोजायची टेप हवी, असा त्यांचा खाक्या. कुणाकडे चहाला गेले तरी बोलता बोलता दाराची उंची घ्यायचे आणि यजमानाला न विचारता सांगायचे, "चौकट डावीकडे कललीय बरं का." चहा पुन्हा मिळायचा नाही, पण माणूस वाईट नव्हता. नाकासमोर चालणारा, कुणाचा एक पैसा न खाणारा, आणि रेघ वाकडी गेली की जेवण न जाणारा.

अशा माणसाच्या हाती अखेर गावचा मेन रोड आला, तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. एसटी स्टँडपासून चौकापर्यंतचा तो रस्ता म्हणजे गावाचं नाक आणि गावाची सर्दी, दोन्ही एकदमच. एका बाजूला उघडं गटार, दुसऱ्या बाजूला अर्धं झाकलेलं, म्हणजे जास्त धोक्याचं. फूटपाथ होता, पण तो दुकानांच्या पायऱ्यांखाली कुठेतरी गाडला गेला होता. त्यामुळे माणसं, सायकली, हातगाड्या आणि ट्रक एकाच रस्त्यावरून, एकमेकांच्या अंगावरून म्हणावं तर अंगावरून, चालायचे.

टेपसाहेबांनी आराखडा केला. दोन्ही गटारं खोल करायची, त्यांना चौकाकडे नीट उतार द्यायचा, वर भक्कम झाकणं टाकायची, आणि त्या झाकणांवरूनच सलग फूटपाथ न्यायचा. इथवर सगळं झकास होतं. पण त्यांचा खरा जीव होता तो रस्त्याच्या मधोमध जाणाऱ्या लोखंडी कठड्यात. स्टँडपासून चौकापर्यंत एकसलग, छातीएवढा उंच. वाटेल तिथून रस्ता ओलांडणं बंद. ओलांडायचं तर चौकात, पांढऱ्या पट्ट्यांवरून, शिस्तीत.

"माणसं पाण्यासारखी असतात," ते कचेरीत मुकादमाला सांगायचे. "बांध घातला की बरोबर वळतात."

मुकादम मान हलवायचा. तो सगळ्यालाच मान हलवायचा.

आता गंमत अशी, की टेपसाहेबांचं घर याच मेन रोडवर होतं. आणि त्या घरात वर्षभरापासून त्यांच्या सासूबाई राहत होत्या.

सासरे गेल्यावर सासूबाई आपल्या गावी एकट्याच राहिल्या होत्या. एकदा तिथे त्या न्हाणीघरात घसरून पडल्या आणि शेजारणीला संध्याकाळी कळलं. तेव्हा लेकीने, म्हणजे टेपसाहेबांच्या बायकोने, घराला कुलूप लावून आईला उचलूनच आणलं. सुरुवातीला सासूबाई खिडकीत बसून राहायच्या. लेक शाळेत गणित शिकवायला, जावई रस्ते मोजायला. दिवसभर घरात घड्याळ बोलेल तेवढंच. "लेकीच्या घरी किती दिवस राहायचं गं," हे त्यांचं पालुपद.

मग एके दिवशी त्या रस्ता ओलांडून समोर गेल्या. समोर टेलरबाईंचं दुकान. ब्लाऊजला हुक लावून घ्यायला गेल्या आणि हुक स्वतःच लावून बसल्या. टेलरबाईंनी ते बघितलं आणि पुढ्यात आणखी चार ब्लाऊज टाकले. तेव्हापासून सकाळची कामं आटोपली की सासूबाई डोळ्यांना चष्मा लावून समोर. काजं, बटणं, हुक आणि गावभरच्या गप्पा. महिनाभरात त्यांना गावातल्या इतक्या भानगडी ठाऊक झाल्या, की नगरपालिकेलाही नसतील. चेहऱ्यावर तजेला आला, भूक वाढली, आणि पालुपद बंद झालं. आई रुळली, म्हणून लेकीचा जीव भांड्यात पडला.

जावयाशी मात्र त्या सरळ बोलत नसत. भांडण वगैरे काही नाही, नुसता संकोच. टेपसाहेब समोर बसलेले असले तरी त्या लेकीला म्हणायच्या, "ह्यांना विचार, चहा घेणार का." टेपसाहेबही बायकोकडे बघून म्हणायचे, "आईंना सांग, अर्धा कप." बिचारी बायको वर्षभर दुभाष्याचं काम करत होती.

आराखडा पुरा झाला त्या रात्री जेवणं झाल्यावर टेपसाहेबांनी मोठ्या हौसेने नकाशा टेबलावर पसरला. सासूबाई चष्मा सावरून वाकल्या.

"ह्यांना विचार, ही मधली काळी रेघ कसली."

"कठडा आहे, आई," टेपसाहेब हौसेच्या भरात बायकोला ओलांडून बोलले.

"म्हणजे भिंत का गं?" सासूबाईंनी लेकीलाच विचारलं.

"भिंत नाही काही. गज आहेत नुसते. पलीकडचं सगळं दिसेल."

"दिसेल ना. मग झालं," असं म्हणून सासूबाई उठल्या आणि झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लेकीला सांगितलं, की आता मी आपल्या घरी जाईन म्हणते. बरेच दिवस घर बंद आहे, वाळवी लागेल. रविवारच्या गाडीने जाते. लेकीने नाना परीने विचारलं, पण वाळवीपुढे त्या बोलायलाच तयार नाहीत. दुपारी त्यांनी कपाटातून साड्या काढून पलंगावर घड्या घालायलाही सुरुवात केली.

संध्याकाळी टेपसाहेब घरी आले ते सरळ वादळात. बायको दारातच उभी.

"आई चाललीय. तुमच्या कठड्यापायी."

"कठड्याचा काय संबंध?"

"समोर कशी जाणार ती? उडी मारून?"

"अगं, चौकातून जायचं. इथून चौक, पट्टे ओलांडले की परत मागे टेलरबाई. चार पावलं आहेत. मी स्वतः चालून पाहिलंय."

"तुमची चार पावलं! ती पुन्हा त्या रिकाम्या घरात जाऊन पडली तर उचलायला कोण आहे तिथे?" बायकोचा आवाज चिरकला. मग तिने तो खाली आणला. "अहो, आपल्या दारासमोर तेवढी एक फट ठेवा ना."

टेपसाहेबांना घाम फुटला. "आणि गावाने काय म्हणायचं? टेपसाहेबाने सासूसाठी फट ठेवली! उद्या डेअरीवाला येईल, परवा सायकलवाला येईल. सगळ्यांना फटी दिल्या तर कठडा राहील का तो? दात पडलेला कंगवा होईल."

बायको तशीच वळली. आत जाऊन आईच्या पलंगावर, साड्यांच्या शेजारी बसून राहिली. धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय, अशी टेपसाहेबांची गत झाली. खरं सांगायचं तर सासूबाई त्यांना मनापासून आवडायच्या. घरात त्या आल्यापासून त्यांच्या एकाही शर्टाचं बटण तुटलेलं राहिलं नव्हतं. पण नियम म्हणजे नियम. तो सासूला लागू आणि गावालाही लागू.

रात्रभर विचार करून त्यांनी इंजिनियरी तोडगा काढला. आईंना तो वळसा एकदा चालवून दाखवायचा. भीती आहे ती न चालल्यामुळे, चालल्या की जाईल. सकाळी त्यांनी बायकोला सांगितलं, "आईंना सांग, आज मी सोडतो त्यांना टेलरबाईंकडे. चौकातून."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं, लेकीने छताकडे पाहिलं, आणि दोघं निघाली.

घराच्या तीन पायऱ्या उतरल्या आणि लगेच पहिला अडथळा. शेजारच्या भांडीवाल्याने बादल्यांचे मनोरे थेट गटाराच्या झाकणावर रचलेले. बादल्यांना वळसा घालायचा तर रस्त्यावर उतरायला हवं. उतरले. पुन्हा चढले. पुढे स्कूटर लावलेल्या, एकीला एक टेकून. पुन्हा उतरले. त्यापुढे कपड्याच्या दुकानाची पायरी हातभर पुढे आलेली, आणि पायरीवर शाल पांघरलेला बिनडोक्याचा पुतळा. सासूबाई पुतळ्याला "जरा सरका हो" म्हणाल्या आणि मग स्वतःच ओशाळल्या.

टेपसाहेबांना हसू येत होतं, पण ते हळूहळू मावळत गेलं. सासूबाई दर उतरणीला थांबायच्या, गुडघ्यावर हात ठेवायच्या, एक पाय खाली सोडायच्या, मग दुसरा. चढताना तेच उलट. त्या एका शब्दाने तक्रार करत नव्हत्या, आणि तेच टेपसाहेबांना जास्त लागत होतं. धोब्याच्या दुकानापाशी गटार तुडुंब भरून वाहत होतं. साबणाचं पाणी फेसासकट रस्त्यावर आलेलं. टेपसाहेब चक्रावले. त्यांनी पाहिलं तेव्हा याच गटारात टीचभर पाणी होतं, आणि त्या टीचभर पाण्यावरच त्यांनी नव्या गटाराची खोली ठरवली होती.

ते फेसाकडे बघत तसेच मागे सरकले.

"थांबा! मागे गाडी आहे!"

बाही धरून कुणीतरी त्यांना जोरात ओढलं. पिंपांनी भरलेली हातगाडी त्यांच्या पाठीला चाटून गेली. टेपसाहेबांनी वळून पाहिलं. बाही सासूबाईंच्या मुठीत होती. वर्षभरात त्या पहिल्यांदाच त्यांच्याशी सरळ बोलल्या होत्या, तेही ओरडून.

"लागलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"मग डोकं वर करून चाला. तुमचं लक्ष सगळं खाली."

चौकात पोचेपर्यंत टेपसाहेबांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला. तिथे चारी बाजूंनी गाड्या आणि कुणी कुणाला जागा देईना. पांढरे पट्टे होते, पण त्यांच्यावर रिक्षा रांगेने उभ्या. टेपसाहेबांनी संकोच बाजूला ठेवून हात पुढे केला. सासूबाईंनी तो धरला. दोघं रिक्षांच्या मधून वाट काढत निघाली.

पलीकडे पोचल्यावर सासूबाई एका बंद टपरीला टेकून उभ्या राहिल्या. तोंडाला कोरड पडली होती. टेलरबाईंचं दुकान अजून तेवढंच लांब होतं.

"मी मोजायला आलो तेव्हा असं नव्हतं हो," टेपसाहेब स्वतःशीच पुटपुटले. "रस्ता मोकळा होता. चार पावलं होती. एक बादली नव्हती, एक रिक्षा नव्हती..."

आणि बोलता बोलता त्यांना आठवलं. ते आले होते तो दिवस बाजार बंदचा होता.

त्याचं असं, की गावातली दुकानं आठवड्यातून एक दिवस बंद असतात, आणि नगरपालिका रस्त्याची मोजणी नेहमी त्याच दिवशी करते. टेपसाहेबांना ही रीत आधीच्या इंजिनियरांनी शिकवली, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. कारण सरळ आहे. इतर दिवशी रस्त्यावर टेप टाकली की तिच्यावरून ट्रक जातो, आणि दर दुकानदार गल्ला सोडून विचारायला येतो, "काय हो साहेब, दुकान पाडताय का?" बंदच्या दिवशी कसं शांत. टेप पसरा, चहा प्या, आकडे घ्या. रस्ता ओलांडणारी माणसंही त्याच दिवशी मोजलेली. मुकादमाने दिवसभर चौकात खुर्ची टाकून मोजली होती आणि टेपसाहेबांनी आराखड्यात लिहिलं होतं, की मधून रस्ता ओलांडणाऱ्यांची संख्या नगण्य आहे. त्या दिवशी धोब्याची भट्टी बंद, म्हणून गटारही सुट्टीवर. टेलरबाईंचं दुकान बंद, म्हणून सासूबाई घरात.

टेपसाहेबांना कुणी तोंडात मारावी तसं झालं. गावात ज्याच्या आकड्याला आव्हान नाही त्या माणसाने असा रस्ता मोजला होता, जो आठवड्यातले बाकीचे दिवस अस्तित्वातच नसतो.

परतताना ती दोघं चौकातून आली नाहीत. टेलरबाईंच्या दुकानात पाणी पिऊन, थोडं बसून, नेहमीसारखी सरळ रस्ता ओलांडून आली. टेपसाहेब उंबऱ्यात थांबले.

"आई, कठड्याचं मी बघतो काहीतरी."

"माझ्यासाठी काही वाकडं करू नका," सासूबाई म्हणाल्या. "लोक तुम्हाला नावं ठेवतील, ते मला सोसायचं नाही. मी जाणारच आहे." आणि आत जाऊन पुन्हा साड्यांच्या घड्या घालू लागल्या.

बायको शाळेतून आल्यावर टेपसाहेबांनी तिला सगळं सांगितलं. ती आधी ऐकतच राहिली.

"म्हणजे तुम्ही शाळेला सुट्टी असताना वर्गाची हजेरी घेतलीत?"

"हं."

"आणि वर्गात पोरंच नाहीत असं लिहिलंत?"

"अगं, हो म्हणतोय ना."

ती पोट धरून हसली. मग हसता हसता थांबली, कारण नवऱ्याच्या चेहऱ्यावर तिला दिसलं की उद्याची सुनावणी त्याला आठवली आहे. उद्या नगरपालिकेच्या सभागृहात सगळ्या गावासमोर आराखडा मांडायचा होता. हरकत घेणारं कुणी नव्हतंच. टेपसाहेबांनी मोजलंय म्हटल्यावर हरकत कोण घेणार?

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. नगराध्यक्षबाई मधल्या खुर्चीत, शेजारी हरकती नोंदवणारा कारकून, भिंतीवर नकाशा. टेपसाहेबांची बायको मधल्या रांगेत होती. अगदी मागे, दुकान बंद करून आलेल्या टेलरबाई आणि त्यांच्या शेजारी सासूबाई. त्या का आल्या, ते कुणाला सांगितलं नव्हतं. जावयाचं कौतुक बघून मगच गाडीत बसावं, असंच कदाचित असेल.

टेपसाहेब उभे राहिले. गटारांबद्दल बोलले, झाकणांबद्दल बोलले. कठड्यापाशी आले आणि पेला उचलला. पाणी प्यायले.

"कुणाची काही हरकत?" नगराध्यक्षबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं आणि रीतीप्रमाणेच पुढचा कागद उचलला.

"माझी आहे," टेपसाहेब म्हणाले.

नगराध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आराखडा तुमचाच आहे ना?"

"आहे. पण मोजणी मी बाजार बंदच्या दिवशी केली. सगळीच. गटाराची, माणसांची, सगळी. मी रिकामा रस्ता मोजला. चुकलं माझं."

 धोबी पहिला हसला, मग भांडीवाला, मग सगळं सभागृह. मुकादमानेही सवयीने मान हलवली. टेपसाहेबांचे कान लालबुंद झाले, पण ते खाली बसले नाहीत. हशा ओसरल्यावर म्हणाले, "दुकानं उघडी असताना पुन्हा मोजू द्या. कोण कुठून ओलांडतं ते मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे. आज सांगा."

आणि गाव सुटलं. डेअरीवाला उठला, सायकलवाला उठला. शाळेची पोरं कुठून पळत जातात, दवाखान्यात जाणारे कुठे अडकतात, पाणी कुठे तुंबतं. दोन बायका एकदम बोलायला लागल्या आणि दोघी एकच जागा सांगत होत्या. टेलरबाईंनी बसल्या जागेवरून ठणकावलं, की रस्त्याच्या मधोमध जरा उंच ओटा करा, अर्ध्यात थांबता येईल असा. नकाशावर टेपसाहेबांची पेन्सिल भिरभिरत होती. फुल्यांमागून फुल्या पडत होत्या, आणि सगळ्यात जास्त फुल्यांचा ढीग त्यांच्या स्वतःच्या घरासमोर झाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

गलका कमी झाला तेव्हा मागे एक हात वर होता.

"बोला, आजी," नगराध्यक्षबाई म्हणाल्या.

सासूबाई उभ्या राहिल्या. एका हाताने पुढची खुर्ची धरली होती. "माझीही हरकत लिहून घ्या. मी रोज कामाला जाते. काजं-बटणं करते टेलरबाईंकडे. मला तो कठडा नको."

टेपसाहेब हातातली पेन्सिल विसरून बघत राहिले.

कारकुनाने मान वर केली. तो नियमाचा पक्का. "आजी, हरकत फक्त गावात राहणाऱ्यांची घेता येते. तुम्ही पाहुण्या असाल तर नोंद होणार नाही. पत्ता सांगा आधी."

मधल्या रांगेत टेपसाहेबांच्या बायकोने वळून आईकडे पाहिलं. आई वर्षभर कुठेही पत्ता विचारला की त्या कुलूप लावलेल्या घराचाच सांगत आली होती. दवाखान्यात तोच, बँकेत तोच.

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं नाही. जावयाकडे पाहिलं, कान अजून लाल असलेल्या.

"लिहा," त्या म्हणाल्या. "मेन रोड, टेलरबाईंच्या समोर, जावयाचं घर..." आणि कारकुनाचं पेन चालायला लागलं तशा घाईघाईने म्हणाल्या, "नाही, ते खोडा. आमचं घर लिहा."